पेल्यांची चौकी: रायडर-वेट टॅरोचा कॅट, दोन महिने वापरून

पत्ते हातात आले की मी आधी मोजते. २६ वर्षं पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर काढल्यावर ही खोड जात नाही. भाचीने पुण्याहून आणलेला टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, कॅट मी चहा उकळायच्या आत मोजला. ७८ पानं हवी होती, ७८ भरली. "मावशी, तू पण ना!" असं ती म्हणतेय तोवर मी ती नोटा लावतात तशी प्रकारवार लावायला घेतली आणि घोळ सापडला. काठ्यांची सत्ती दोनदा होती, नाण्यांची नव्वी नव्हतीच. बेरीज बरोबर, तपशील चूक. असले ताळेबंद मी बरेच पाहिलेत.

तो कॅट ऑनलाइन घेतलेला होता, साडेतीनशेला. विक्रेत्याचं नाव घेत नाही, कारण तसे डझनभर आहेत. कुणाच्या तरी मूळ पानांचं स्कॅन मारून छापलेला माल. आकाशाचा निळा रंग मळकट, चेहरे पुसट, आणि कागद असा की दोनदा पिसल्यावर कोपरे पापडासारखे वर आले. परत पाठवला. दुसरा मी माझ्या पैशाने घेतला, चौदाशेच्या आसपास पडला. पुढचं सगळं त्या दुसऱ्याबद्दल आहे. घेणार असाल तर पहिला सल्ला हाच: स्वस्तातला घेऊ नका, आणि घरी आल्यावर नुसता मोजू नका, लावून बघा.

मला तो हवा कशाला होता? खरं सांगायचं तर नकोच होता. २०२४ च्या मार्चअखेरीला आमच्या शाखेचं कामकाज दुसरीकडे वर्ग झालं आणि मी घरी बसले. वय ५२. पहिला महिना कपाटं आवरली, दुसऱ्या महिन्यात कपाटं परत आवरली. कुणी विचारलं, "आता काय करता?" की मी "निवांत" म्हणायची. भाची मात्र निवांत शब्दाला फसली नाही. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी रोज सकाळी एक पान काढून त्यावर चार ओळी लिहितात म्हणे. तूही कर, म्हणाली. भविष्य बघायला नाही, स्वतःकडे बघायला.

आता हे साताऱ्यात, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावात. आमचे हे शाळामास्तर होते, डॉक्टरांची व्याख्यानं पुढच्या रांगेत बसून ऐकलेले. खोकं बघून यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पोपट कुठाय?" एवढंच विचारलं. पोवई नाक्यावर पूर्वी पोपटवाला बसायचा, पिंजऱ्यातून पोपट बाहेर येऊन पाकीट ओढायचा, त्यावरून. त्या दिवसापासून आमच्या घरात या कॅटचं नाव पोपट पडलं ते आजतागायत.

मला मात्र पोपट नाही, कौल आठवला. माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं. आमच्याकडे पेरणी असो की सोयरीक, देवाला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि पाषाणाला पाण्याने चिकटवलेली कळी उजवीकडची पडते की डावीकडची, तिकडे सगळे टक लावून बसतात. माझी आई श्रद्धेने जायची. पण परत येताना पाणंदीत एकदा ती म्हणाली होती, "कौल उजवो पडलो तरी नांगर आपणाकच धरूक लागता गो." तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन. हे वाक्य इतकी वर्षं कुठे होतं कोण जाणे. पहिलं पान उलटताना ते आठवलं.

थोडं कॅटाविषयी. ही पानं मुळात भविष्याची नव्हेतच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ती डाव खेळायला निघाली, आणि फ्रान्समध्ये आजही त्यांचा डाव मांडतात. गूढविद्येचा शेंदूर त्यांना फार उशिरा लागला. १७८१ मध्ये पॅरिसच्या आंत्वान कूर द जेबलँ नावाच्या गृहस्थांनी लिहिलं की ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञान. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी वाचता येणारा एकही माणूस नव्हता. जी लिपी कुणाला येत नाही तिच्याबद्दल वाटेल ते सांगता येतं. लिपीचा हा मुद्दा लक्षात ठेवा, माझ्या गोष्टीत पुढे येणार आहे.

मी घेतला तो रायडर-वेट कॅट, म्हणजे जगात सगळ्यात ओळखीचा. रायडर हे लंडनचे प्रकाशक, विल्यम रायडर अँड सन. वेट म्हणजे गूढविद्येवर लिहिणारे आर्थर एडवर्ड वेट, ज्यांनी तो सुचवला. १९०९ च्या डिसेंबरात निघाला. आणि चित्रं? ती काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईने, सगळी ७८. नावात तिचा पत्ताच नाही. प्रकाशक आहे, सांगणारा आहे, करणारी नाही. हल्ली जाणकार लोक रायडर-वेट-स्मिथ म्हणतात, पण बाजारात जुनंच नाव चालतं. काम संपल्यावर तिने न्यूयॉर्कचे छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना पत्रात कळवलं होतं की काम मोठं झालं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये ती गेली तेव्हा डोक्यावर देणी होती. तिचं चित्र घरोघरी पोचलंय. माझ्यातली कॅशियर हा व्यवहार वाचून अजून अस्वस्थ होते. बहुतेक पानांच्या कोपऱ्यात तिची सापासारखी वळणावळणाची सही आहे. ती शोधायची मला सवय लागलीय, नोटेतली तार बघावी तशी.

पण चौदाशे रुपये वसूल होतात ते याच बाईमुळे. ७८ पैकी २२ मोठी पानं, त्यांवर वेडा, कंदीलवाला म्हातारा, चाक, तारा, सूर्य वगैरे. उरलेली ५६ आपल्या पत्त्यांसारखी चार रंगांची: काठ्या, पेले, तलवारी, नाणी. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आणि वर चार दरबारी. तिच्या आधीच्या बहुतेक कॅटांत या ५६ वर नुसत्या खुणा असायच्या, पाच पेले म्हणजे पाच पेले. हिने प्रत्येकावर एक प्रसंग काढला. कुणीतरी नांगरटीच्या अवजारावर रेलून झाडाकडे बघतंय, कुणी बर्फातून लंगडत चाललंय आणि वरच्या खिडकीत उजेड आहे, कुणी रात्री अंथरुणात उठून तोंड झाकून बसलंय. अर्थ पाठ नसला तरी चालतं. बघितलं की आपलंच काहीतरी आठवतं.

नावं इंग्रजीत आहेत, सोबतची पुस्तिकाही इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं. मी ती पुस्तिका पहिला महिना उघडलीच नाही, आणि तेच बरं झालं. मी पानांना घरची नावं दिली. चौकी, पंजी, छक्की, अठ्ठी तर आपल्याकडे होत्याच. दरबारात पोऱ्या, घोडेस्वार, राणी, राजा. उलटं पडलेलं पान वेगळं वाचतात म्हणे. मी सरळ करून ठेवते. आधीच काय कमी गुंता आहे?

एक नमूद करते. आमच्या सावंतवाडीची गंजिफा मी लहानपणी राजवाड्यात बघितली आहे. गोल पानं, लाखेचा चकचकीत हात, दशावताराचा जोड तर १२० पानांचा, दहा रंग आणि प्रत्येकात बारा. देखणेपणात ती या कॅटाला मागे टाकते. पण गंजिफेतल्या देवांसमोर मला हात जोडावेसे वाटतात. पामेलाबाईंची माणसं माझ्यासारखी कंटाळलेली, खांदे पाडून बसलेली आहेत, त्यांच्याशी बोलता येतं.

माझी पद्धत अशी. सकाळचा चहा झाला की कॅट पिसायचा, एक पान काढायचं. पतसंस्थेची जुनी कोरी डायरी होती, तिच्यात तीन ओळी लिहायच्या: चित्रात काय दिसतं, त्यावरून काय आठवतं, आणि आज दहा मिनिटांत होईल असं एक काम. 'होईल का' असा प्रश्न विचारायचा नाही. तो कौलाला चालतो, इथे नाही. तिसरी ओळ माझी भर आहे, भाचीच्या मैत्रिणी ती लिहीत नाहीत. त्यांचं आत्मचिंतन पुष्कळ चालतं, पण दिवसाअखेर जमा काय आणि खर्च काय ते कळत नाही, असं माझं मत. भाची म्हणते मी त्यातली गंमत घालवते.

६१ दिवसांचा हिशेब डायरीत आहे: ३८ कामं झाली, ९ अर्धी राहिली, १४ झालीच नाहीत. कामं तरी काय? जुन्या शिपाईमामांना फोन. वाचनालयाची थकलेली वर्गणी. भजनी मंडळात "मी पेटीवर बसू का" एवढं विचारणं (नको म्हणाल्या, त्यांच्याकडे आहे). दिराला एकदा सरळ सांगणं की या वर्षी दोनशे पुरणपोळ्या माझ्याच्याने होणार नाहीत.

आणि पेल्यांची चौकी.

अकराव्या दिवशी हे पान आलं. झाडाखाली एक तरणा माणूस बसलाय, हाताची घडी, मान खाली. समोर तीन पेले मांडलेले, त्यांच्याकडे तो वैतागून बघतोय. बाजूला ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय. याचं तिकडे लक्षच नाही. मी पहिली ओळ लिहिली: 'कुणीतरी काहीतरी देतंय, हा घडी सोडत नाही.' दुसऱ्या ओळीला पेन अडलं. कारण मला लगेच आठवलं ते मागच्या आळीतल्या काकांचं. आठवड्यापूर्वी ते दारात येऊन विचारून गेले होते, "वहिनी, तुम्हाला मोडी येते ना? आमच्या घरात एक जुना कागद आहे." मी म्हणाले होते, "छे हो, कॉलेजात शिकले होते, विसरले सगळं." हाताची घडी घालूनच म्हणाले होते, अगदी चित्रातल्यासारखी.

मोडी मला खरंच येत होती. बी.ए.ला इतिहास होता, तेव्हा कोल्हापूरला पुराभिलेख विभागाचा वर्ग केला होता. आधी ओळ आखायची, मग त्या ओळीला अक्षरं लोंबकळत सोडायची, बोरू उचलायचा नाही, दोन शब्दांत मोकळी जागा सोडायची नाही. मला ते अक्षर फार आवडायचं. मग लग्न, साताऱ्याला बदलून येणं, पतसंस्था, मुलाची दहावी. २०२३ च्या हिवाळ्यात न्यायमूर्ती शिंदे समितीमुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारे मिळेनात अशा बातम्या रोज यायच्या. मी त्या काउंटरवर बसून वाचल्या, पेपराची घडी केली आणि पाचशेचं बंडल मोजायला घेतलं. तो एक पेला तेव्हाच ढगातून आला होता, असं आता वाटतं.

तिसऱ्या ओळीत लिहिलं: 'काकांकडे जाणे. कागद नुसता बघणे.' नुसता बघणे, हे मुद्दाम. दहा मिनिटांचं काम.

कागद हाताने केलेला, घड्यांवर झिजलेला, खाली एक डाग. अकरा ओळी. त्या संध्याकाळी मला त्यातलं फक्त 'श्री' वाचता आलं, आणि ते कुणालाही आलं असतं. काका काही बोलले नाहीत, काकूंनी पोहे केले. मी फोटो काढून घरी आणले, माळ्यावरची वर्गाची वही शोधली. तिला झुरळांनी कडेने कुरतडलं होतं पण मुळाक्षरं शाबूत होती. तीन संध्याकाळी भिंग घेऊन बसले. दुसऱ्या संध्याकाळी 'मौजे' सुटलं, मग 'व्याज', आणि त्यानंतर पुढची ओळ कुलूप उघडावं तशी उघडली: दरमहा दर शेकडा. तो कर्जरोखा होता! मी २६ वर्षं ज्या कागदांवर शिक्के मारले त्यांचाच पणजोबा. रक्कम आणि दर मला अक्षरं लागायच्या आधीच अंदाजाने कळले, कारण रोख्यात कशानंतर काय येतं हे माझ्या हाताला पाठ आहे. अकरापैकी आठ ओळी लागल्या. उरलेल्या तीन अजून अडल्या आहेत, तिथे डाग आहे आणि लिहिणाऱ्याला घाई झालेली दिसते.

काकांनी दोनशे रुपये दिले. मी नको म्हणणार होते, तेवढ्यात पामेलाबाई आठवल्या, आणि घेतले.

हे सगळं पानाने केलं का? नाही. हेच कागदी काम मला यांनीही सुचवलं होतं, दोनदा. पण नवऱ्याने सुचवलं की आपण उत्तर देतो. पानाला उत्तर देता येत नाही, ते नुसतं समोर पडून राहतं आणि दिवसभर डायरीत तसंच असतं. एवढंच त्याचं काम. चौकी मला नंतर आणखी दोनदा आली. भाचीला त्यात संकेत दिसला. मी तिला सांगितलं, ७८ पानांतलं कुठलं तरी एखादं दोन महिन्यांत तीनदा यायचंच, आणि पानं आकाराने मोठी असल्याने मला ती नीट पिसताही येत नाहीत. या मुद्द्यावर आमचे हे माझ्यावर इतके खूश झाले की स्वतः एक पान काढून बघितलं. वेडा निघाला. कड्याच्या टोकाला उभा, खांद्याला गाठोडं, पायाशी कुत्रं. "हा पेन्शनर दिसतोय," म्हणाले आणि फिरायला गेले.

आता गाऱ्हाणी. पानं आकाराने मोठी आहेत, साधारण १२ सेंटिमीटर लांब आणि ७ रुंद. नेहमीच्या पत्त्यांवर पोसलेल्या लहान हातांना पिसताना त्रास होतो, माझी दोनदा जमिनीवर सांडली. नवी असताना ती इतकी गुळगुळीत की एकाऐवजी दोन निघतात. महिन्याभरात सुधारतात.

दुसरं गाऱ्हाणं चित्रांचं. काही भयंकर आहेत. मृत्यूचं पान लोक समजतात तेवढं वाईट नाही, सांगाडा घोड्यावर आहे पण मागे दोन बुरुजांमधून सूर्य दिसतो. तलवारींची नव्वी आणि दश्शी मात्र सकाळी सकाळी बघवत नाहीत. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी मला नेमकी नव्वी आली, ती अंथरुणात तोंड झाकून बसलेली बाई. मी काय केलं? पान परत घातलं, कॅट पिसला आणि दुसरं काढलं. सूर्य येईपर्यंत. पाचव्यांदा आला. लाज वाटली, पण डायरीत पाचही पानं लिहून ठेवलीत, खाडाखोड न करता. ऑपरेशन नीट झालं, ते डॉक्टरांमुळे. तेव्हापासून दवाखान्याच्या दिवशी कॅट बंद. ज्यांचं मन आधीच घाबरं आहे, झोप लागत नाही, त्यांनी हा नाद एकट्याने करू नये असं मला वाटतं. त्यांनी आधी माणसाशी बोलावं.

तिसरी गोष्ट कॅटाची नाही, पण त्याच्या मागोमाग येते म्हणून सांगते. उत्सुकतेपोटी मी एका टॅरोवाल्या बाईंचं फोनवरचं वाचनही घेऊन बघितलं, अर्ध्या तासाचे आठशे. पहिली दहा मिनिटं छान बोलल्या. मग म्हणाल्या, तुमच्या मार्गात कुणाची तरी नजर आहे, उपाय केला तर दोन महिन्यांत उघडेल, उपायाचे ५,१०० वेगळे. मी विचारलं, पावती मिळेल का? फोन लवकर संपला. कॅट घरात असेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यायची गरज नाही. चित्र तुमच्या डोळ्यांना काय दिसतं याचाच तर सगळा खेळ आहे, तो भाड्याने देऊन कसं चालेल?

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो पुस्तिकेसाठी. इतकी वर्षं हा कॅट विकतायत, भारतात येतो, तर मराठी-हिंदीत चार पानं घालायला काय जातं? काही काळाने मी ती पुस्तिका भिंगाने वाचली (मोडीसाठी घेतलेलं भिंग कामाला आलं), आणि बरेचसे अर्थ मला माझ्या डायरीपेक्षा कोरडे वाटले. नाण्यांच्या अठ्ठीवर एक कारागीर बाकावर बसून एकामागून एक नाणं घडवतोय. पुस्तिका म्हणते, कसब, नोकरी. मी त्या दिवशी लिहिलं होतं, 'याची पाठ दुखत असणार.'

परवा काकांच्या साडूंनी निरोप पाठवला, त्यांच्याकडे माळ्यावर लाल फडक्यात बांधलेला रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचा गठ्ठा, आहे, चाळीसएक कागद असतील. गुरुवारी आणतायत. कागदामागे दोनशे असं मी या वेळी आधीच सांगितलंय, आणि जे लागणार नाही त्याचे पैसे नाहीत हेही. पोटात थोडं कालवतंय.

एक राहिलंच, खोक्याचं झाकण सैल आहे. पिशवीत टाकलं की उघडतं आणि पानं विखुरतात. मी त्याला रबर लावते. पतसंस्थेतून निघताना आणलेला रबरांचा डबा अजून अर्धा भरलेला आहे, तेव्हा त्याची चिंता नाही.